दुभंगणाऱ्या पेशीच्या पोटांत



बाटलींतून पाणी ओतलें तर तें चटकन् खालीं येतें. मध ओतला तर त्याची धार रेंगाळते. द्रवाच्या वाहण्याला आंतून होणाऱ्या ह्या विरोधास शास्त्रांत श्यानता म्हणतात. आपण त्याला घरगुती भाषेंत दाटपणा म्हणूं. आपल्या शरीरांतील पेशीच्या पोटांत जो द्रव असतो तो पाण्यासारखा कीं मधासारखा, आणि एका पेशीच्या दोन होतांना त्याचें काय होतें, हा आजचा विषय आहे. विषय दूरचा वाटेल. परंतु ज्या घरांत कर्करोगानें पाऊल टाकलें आहे, त्या घराशीं त्याचा अगदीं जवळचा संबंध आहे.

पेशीच्या वजनांत सुमारें सत्तर टक्के पाणी असतें. पण त्या पाण्यांत प्रथिनांची विलक्षण दाटी असते. सकाळच्या वेळीं घाटकोपर स्टेशनवरचा पूल डोळ्यांपुढें आणा. मोकळ्या हातांनीं निघालेला पोरगा फटीफटींतून निसटतो. डोक्यावर ट्रंक घेतलेला हमाल जागच्या जागीं खोळंबतो. गर्दी एकच, पण दोघांचा अनुभव निराळा! पेशींतही तसेंच आहे. लहानशा प्रथिनाला हा द्रव पाण्याच्या तिप्पट-चौपट दाट लागतो, तर मोठ्या कणाला शेंकडों पट. म्हणून पेशीचा दाटपणा एका आंकड्यांत सांगतां येत नाहीं. प्रवासी कोण, हें आधीं विचारावें लागतें.

पेशीचें विभाजन कसें होतें, ह्याचें सविस्तर वर्णन जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर फ्लेमिंग ह्यांनीं १८८२ सालीं प्रसिद्ध केलें. गुणसूत्रांच्या दोन सारख्या वांटण्या होतात, त्या दोन टोकांकडे ओढल्या जातात आणि मग पेशी मधोमध आंवळली जाऊन दुभंगते. पुढें अमेरिकेंत हाइलब्रुन ह्यांनीं समुद्रांतील कांटेरी अर्चिनचीं अंडीं यंत्रांत गरगर फिरविलीं, आणि आंतील कण किती वेळांत एका बाजूस सरकतात ह्यावरून द्रवाचा दाटपणा ताडला. १९५० सालीं केंब्रिज येथें क्रिक व ह्यूज ह्यांनीं कोंबडीच्या पिलाच्या पेशींत लोहचुंबकीय कण घालून ते बाहेरून चुंबकानें हलविले. हेच क्रिक तीन वर्षांनीं आनुवंशिक द्रव्याच्या रचनेमुळें जगाला ठाऊक झाले. अलीकडे प्रकाशकिरणांचा चिमटा करून पेशींतील कण धरतां येतो. ह्या रीतीनें जर्मनींतील शास्त्रज्ञांनीं २०२१ सालीं दाखविलें कीं, विभाजनाच्या वेळीं पेशीचें अंतरंग मऊ व अधिक प्रवाही होतें. बाहेरची साल मात्र ह्याच वेळीं ताठर होते आणि पेशी गोल होते. जणूं घरांतील सामान हलवावयाचें म्हणून आंतली अडगळ दूर करावी आणि भिंती मात्र भक्कम कराव्या!

ह्यावरून कोणास वाटेल कीं, गुणसूत्रांना वाट सुकर व्हावी एवढ्याचसाठीं द्रव पातळ होत असेल. येथें निसर्गानें एक कोडें घातलें आहे. १९८३ सालीं निक्लास ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं नाकतोड्याच्या पेशींतील सरकणारें गुणसूत्र कांचेच्या अतिसूक्ष्म सुईनें अडवून पाहिलें. तें थांबविण्यास जें बळ लागलें, तें द्रवाच्या विरोधावर मात करण्यास लागणाऱ्या बळाच्या हजारों पट भरलें. कागदाची होडी ओढावयास बैलांची जोडी जुंपावी, तसा हा प्रकार! मग इतकें बळ हाताशीं असतांना गुणसूत्र मिनिटाला एखाद्या मायक्रोमीटरच्या संथ गतीनें कां जातें?

ह्याचें उत्तर ओढणाऱ्या दोरांत आहे. हे दोर म्हणजे प्रथिनांच्या विटांनीं बांधलेल्या सूक्ष्म नलिका. त्यांची मांडणी चरख्याच्या चातीसारखी दोन्हीं टोकांना निमुळती असते. नलिकेच्या टोकाला विटा सारख्या जोडल्या जातात आणि सुटतात. ती लांबते, आखडते, पुन्हां लांबते. गुणसूत्र किती वेगानें जाईल, हें नलिका किती वेगानें आखडते ह्यावर ठरतें. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत यीस्टच्या पेशींतील पाणी कमी करून आंतला द्रव दाट करण्यांत आला. तेव्हां नलिकांचें लांबणें आणि आखडणें दोन्हीं त्याच प्रमाणांत मंदावलीं. म्हणजे दाटपणाचा अंमल ओझ्यावर फारसा नसून दोरावर आहे.

आतां हा धागा आपल्या उपनगरांत येतो. अंधेरी आणि घाटकोपर ह्यांच्या मधल्या टापूंत, पवई तलावाच्या कांठीं, १९५८ सालीं स्थापन झालेल्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंत प्राध्यापक दुलाल पांडा ह्यांनीं ह्याच नलिकांचा अनेक वर्षें अभ्यास केला. नायट्यावर देण्यांत येणारें ग्रिसिओफल्व्हिन हें जुनें औषध नलिकांची ही चळवळ मंद करतें आणि मानवी कर्कपेशींचें विभाजन अडवितें, असें त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००५ सालीं दाखविलें. पेशी थांबविण्यास दोर तोडावाच लागतो असें नाहीं; त्याची चळवळ शांत केली तरी पुरते.

आपल्या कुंडींतली सदाफुली ह्याच कामीं आली आहे. तिच्या पानांचा काढा मधुमेहावर देतात असें ऐकून कॅनडांत तपास सुरू झाला. साखर उतरली नाहीं, पण १९५८ सालीं कर्करोगावरील एक औषध हातीं आलें. सदाफुलींतलेंच दुसरें औषध व्हिन्क्रिस्टीन १९६३ पासून वापरांत आहे. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगांत तें आजही देतात. हें औषध नलिकांवर कार्य करतें. मज्जातंतूंतही अशाच नलिका असल्यामुळें रुग्णाच्या बोटांना मुंग्या येतात. विभाजन रोखणाऱ्या औषधांनीं केंस गळतात, कारण केसांच्या मुळांशीं पेशी झपाट्यानें दुभंगत असतात. रुग्णाच्या घरच्यांनीं हें जाणलें तर औषधाची ही खूण पाहून रोगच वाढला असें समजून तीं धीर सोडणार नाहींत. मात्र असा त्रास डॉक्टरांच्या कानीं लगेच घालावा.

एक सावधगिरीची सूचना. सदाफुलींतलीं द्रव्यें जहाल आहेत. वैद्यकीय देखरेखींत त्यांची मात्रा अगदीं तोलून दिली जाते. घरीं पानें चावून ती मात्रा साधत नाहीं, अपाय मात्र होऊं शकतो. हळदींतील कर्क्युमिन नलिकांवर परिणाम करतें, असें पवईच्याच प्रयोगशाळेनें २००६ सालीं दाखविलें. परंतु कांचपात्रांतील पेशी म्हणजे रुग्ण नव्हे, आणि हळदीचें दूध म्हणजे उपचार नव्हे. प्रयोगशाळेंतून रुग्णाच्या खाटेपर्यंतची वाट फार लांबची आहे. तिच्यावर घाई करणाऱ्या रुग्णाचा हातचा वेळ जातो, आणि ह्या रोगांत वेळेइतकें मोलाचें दुसरें कांहीं नाहीं.