बिनशिराची बाई



शाळेचं स्नेहसंमेलन खरं तर आईबापांनी बघायचं. आपल्याकडं ते नेमकं गळीत हंगामात येतं; आईबाप उसाच्या फडावर, म्हणून खुर्च्यांवर आज्या. मी मातीच्या मूर्ती घडवते, भाषण माझं काम नव्हे. म्हणून एका मूर्तीचंच सांगते.

घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजच्या सांकलिया-ढवळीकरांनी उत्खनन केलं. सुमारे ३३०० वर्षांपूर्वीच्या एका घरात, जमिनीखाली मातीची पेटी निघाली. आत एक बाई. झाकणावर दुसरी, तिला शीरच नाही, जोडीला बैल. तिच्या पोटाला भोक, बैलाच्या पाठीला भोक; काडी खोचली की बाई बैलावर स्वार! सगळं कच्च्या मातीचं, न भाजलेलं. अभ्यासकांनी तिचा संबंध बाळंतपणाशी, लेकरांच्या रक्षणाशी जोडला. पुढच्या काळातल्या लज्जागौरी या मातृदेवीच्या मूर्ती आपल्या तेरला सापडल्या, रा. चिं. ढेऱ्यांनी त्या देवीवर आख्खा ग्रंथ लिहिला. बाईचं पोट आणि पेरलेलं रान एकच, ही समजूत. नवरात्रात घटाखाली शेतातली माती पसरून धान्य पेरतात ते काय वेगळं? त्वरितादेवीच्या या गावात हे मी सांगायचं म्हणजे आजीला स्वयंपाक शिकवणं.

एकदा ऊसतोडीहून परतलेल्या बायकांपुढं मी मातीचे गोळे ठेवले. एकीनं नुसती पाठ केली, मोळीखाली वाकलेली. दुसरीनं पोट केलं आणि बोटानं आतून कोरत गेली. "पिशवी काढलीय," म्हणाली. मग तासभर बोलत राहिली. उचल, मुकादम, खाडा पडला की कापले जाणारे पैसे.

ती एकटी नव्हती. २०१९ साली बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. ज्या मुलुखात पोटाची पूजा झाली, तिथलाच हा आकडा. मला तो मूर्तीपेक्षा जड वाटतो.

मातीनं दुखणं जात नाही, त्याला चांगला डॉक्टर आणि खाड्याची भीती नसलेली विश्रांती लागते. पण गोळा हातात असला की जे घरात कुणी विचारत नाही, ते बाहेर येतं. हे मी पाहिलंय.

तेव्हा मुलांनो, आई फडावरून आली की तळ्याचा गाळ आणा. निव्वळ काळी माती वाळताना तडकते, थोडी रेती आणि लीद घालून मळा. आईपुढं ठेवा. "काय करू?" म्हणाली, तर काही सांगू नका. शेजारी बसा.