फिल ऑक्स : गाणे आणि त्याचा श्रोता



१९६९ साली अमेरिकेत एक ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्या वेष्टनावर थडग्याचा दगड होता व त्यावर मजकूर होता : जन्म एल पासो, टेक्सास, १९४०, मृत्यू शिकागो, इलिनॉय, १९६८. ज्याच्या नावाचा हा दगड, तो फिल ऑक्स त्या वेळी अठ्ठावीस वर्षांचा होता आणि गात होता.

ऑक्सचा पिंड पत्रकाराचा. ओहायो राज्य विद्यापीठातील पत्रकारितेचे शिक्षण अर्धवट टाकून १९६२ मध्ये तो न्यू यॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये आला. १९६४ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेचे नाव त्याने ‘न्यू यॉर्क टाइम्स’च्या ब्रीदवाक्यावरून बेतले, ‘छापण्याजोग्या’ बातमीची ‘गाण्याजोगी’ बातमी केली. व्हिएतनामचे युद्ध, मिसिसिपीतील कृष्णवर्णीयांचा मताधिकाराचा लढा, असे त्याचे विषय. केंटकीतील हॅझर्डच्या संपकरी खाणकामगारांसाठी तो तेथे जाऊन गायला. १९६६ मध्ये त्याने उदारमतवाद्यांवर एक गाणे केले. समतेला टाळ्या देणारा, परंतु कृष्णवर्णीय कुटुंब शेजारी राहावयास आले की कपाळाला आठ्या घालणारा सद्गृहस्थ त्यात आहे. त्याच्याच श्रोत्यांत असे सद्गृहस्थ थोडेथोडके नसावेत!

ऑगस्ट १९६८ मध्ये शिकागोला डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन भरले. बाहेर युद्धविरोधी तरुणांवर पोलिसांच्या लाठ्या चालल्या. राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार म्हणून डुकराची मिरवणूक काढणाऱ्यांत ऑक्सही होता व त्यालाही अटक झाली. निवडणुकीच्या मार्गाने हे युद्ध थांबेल ही त्याची श्रद्धा तेथे संपली. थडग्याच्या दगडाचा अर्थ तो हा.

येथे एक आर्थिक वास्तव लक्षात घेतले पाहिजे. महाविद्यालयात शिकणाऱ्याची लष्करभरती पुढे ढकलली जाई. कामगाराच्या मुलाला तशी सवलत नव्हती. म्हणजे युद्धविरोधी गाणी ऐकणारा वर्ग एक आणि युद्धावर जाणारा वर्ग बव्हंशी दुसरा. संघटित कामगारांचा महासंघ तर जॉर्ज मीनी यांच्या नेतृत्वाखाली सरकारच्या युद्धनीतीच्या पाठीशी उभा होता. ही दरी ऑक्सला दिसली. कामगार एल्विस प्रेस्ली ऐकतो, तेव्हा त्याच वेषात त्याच्याकडे जावे, असे त्याने ठरविले. २७ मार्च १९७० रोजी कार्नेगी हॉलमध्ये तो सोनेरी झगमगीत पोशाखात उभा राहिला व प्रेस्लीची गाणी गाऊ लागला. श्रोत्यांतील काहींनी त्याची हुर्यो केली. कामगार त्या सभागृहात नव्हताच. सहाच आठवड्यांनी, ८ मे रोजी, न्यू यॉर्कच्या बांधकाम कामगारांनी भर रस्त्यात युद्धविरोधी विद्यार्थ्यांना मारहाण केली. पोशाख बदलून ही दरी भरणारी नव्हती.

१९७१ मध्ये तो चिलीला गेला. अलेंदे यांचे आघाडी सरकार सत्तेवर येऊन वर्षही झाले नव्हते. तेथे त्याला व्हिक्टर हारा भेटला. हारा शेतमजुराच्या घरात वाढलेला, कम्युनिस्ट पक्षाचा सभासद. त्याच्या गाण्यामागे पक्ष होता, कामगार संघटना होत्या, गावे होती. ऑक्सला आयुष्यभर जो श्रोता मिळाला नाही, तो हाराला घरचा होता.

१९७३ मध्ये दार-एस-सलामला लुटारूंनी ऑक्सचा गळा आवळला. वरच्या पट्टीतला त्याचा आवाज गेला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात चिलीत लष्कराने सत्ता बळकावली आणि हाराची हत्या केली. ९ मे १९७४ रोजी ऑक्सने न्यू यॉर्कमध्ये चिलीच्या पीडितांसाठी कार्यक्रम घडवून आणला. तिकिटे खपेनात, बॉब डिलन येणार हे कळल्यावर ती संपली. ११ मे १९७५ रोजी सेंट्रल पार्कमध्ये युद्धसमाप्तीचा सोहळा झाला, तेव्हा सुमारे एक लाख लोक जमले. त्याचाही पुढाकार ऑक्सचाच.

मनोविकार वडिलांप्रमाणे त्याच्याही वाट्याला आला होता. ९ एप्रिल १९७६ रोजी, पस्तिसाव्या वर्षी, त्याने बहिणीच्या घरी आपले जीवन संपविले. त्या मृत्यूला राजकीय पराभवाचे प्रतीक ठरविणारे पुष्कळ निघाले. आजारी माणसावर तो अन्याय होय.

त्याचे एकही गाणे लोकप्रियतेच्या यादीत वर चढले नाही. मात्र संघीय गुप्तचर खात्याने त्याच्यावर चारशेहून अधिक पानांची फाईल जमविली होती. त्याची कागदपत्रे आता ओक्लाहोमातील टल्सा येथे, वुडी गथ्रीच्या नावे उभारलेल्या केंद्रात आहेत.