मेंढ्याचा बांबू

पर्यावरणाचे रक्षण आणि दुर्बलांना न्याय ही दोन निरनिराळी कार्ये आहेत, असा समज बराच रूढ आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा या गोंड आदिवासींच्या गावाने तो खोटा ठरविला आहे.

या परिसरातील बांबू पूर्वी कागद कारखान्याला दिला जात असे. ग्रामस्थांनी अभ्यासगट चालविले, नियमाने ग्रामसभा भरविल्या आणि बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घेण्याची प्रथा पाडली. त्यामुळे २००६ चा वनहक्क कायदा आला, तेव्हा गाव सिद्ध होते. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. असा हक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत मेंढ्याची गणना होते.

तरीही बांबू विकता येईना, कारण वाहतूक परवाना मिळत नव्हता. अखेर एप्रिल २०११ मध्ये परवान्यांचे पुस्तकच ग्रामसभेच्या स्वाधीन करण्यात आले. पुढे २०१२ च्या नियमदुरुस्तीने गौण वनोपजाचा वाहतूक परवाना गावपातळीवरच देण्याची तरतूद झाली. एका गावाने धरलेला आग्रह असा सर्वांच्या उपयोगी पडला.

श्रोतेहो, आशेला आधार आहे तो येथे. जंगल राखण्यात ज्यांचे हित आहे, त्यांच्याच हाती ते सोपविता येते. मात्र मान्य झालेला हक्कही एका परवान्यावाचून अडून राहू शकतो, हे विसरता कामा नये. अधिकाऱ्यांनी तो परवाना अडवू नये, शिक्षकांनी कायदा सोप्या भाषेत समजावून द्यावा आणि पंचायत सदस्यांनी पाड्यापाड्यावर ग्रामसभा भरवावी. मेंढ्याला जे साधले, ते इतरांनाही साधेल.