पाटाच्या पाण्याचें माहेर

श्रीरामपुराकडील माणसास पाणी म्हटलें कीं प्रथम पाट आठवतो. आकाशांतून पडणारें पाणी त्याच्या लेखीं बेभरंवशाचें. वर्षाकांठीं तें वीस इंचांच्या आसपास पडतें आणि कित्येक वर्षीं तेवढेंहि पडत नाहीं. पाटाचें पाणी मात्र पाळीनें येतें. त्या पाण्यावर ऊंस उभा राहिला, हरेगांवास साखर झाली, बाजारपेठ वाढली, आणि बेलापूर नांवाच्या रेल्वे स्थानकाभोंवतालच्या वस्तीचें शहर झालें. परंतु हें पाणी जेथून निघतें तें ठिकाण स्वतःच्या पायांनीं गांठलेले लोक या शहरांत किती निघतील?

असें पायीं जाण्याचें श्रीरामपूरच्या चौघा मित्रांनीं एका वर्षीं मनावर घेतलें. चौघांपैकीं एक शिक्षक होता, दोघे पेठेंतले व्यापारी होते आणि चौथा एका बागाईतदाराचा मुलगा होता. मे महिना संपत आला होता. बागाईतदाराच्या मुलाचें मन मात्र सहलींत नव्हतें. त्या उन्हाळ्यांत त्याच्या चारीला पाणी उशिरा आलें होतें. त्यावरून पाटकऱ्याशीं आणि शेजारच्या शेतकऱ्याशीं त्याची बोलाचाली झाली होती. आपल्या हक्काचें पाणी वरचे लोक अडवितात, अशी त्याची खात्री झाली होती.

पाठीवरच्या पिशव्यांत त्यांनीं तांदूळ, डाळ, भाकऱ्या, चटणी, एक पातेलें, दोर, विजेरी आणि प्रत्येकीं एक कांबळें एवढेंच घेतलें. शिक्षकानें प्रत्येकाच्या पिशवींत पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या मात्र आग्रहानें घालावयास लाविल्या. तळ्यावर जावयाचें आणि पाणी कशास वाहावयाचें, असें म्हणून व्यापाऱ्यांनीं त्याची थट्टा केली.

शेंडीपर्यंतचा प्रवास मोटारीचा. हा रस्ता म्हणजे पाण्याच्या उलट दिशेनें केलेली वाटचालच होय. संगमनेरच्या अलीकडे ओझरचा बंधारा आहे. तेथून प्रवरेचे दोन कालवे फुटतात; डावा श्रीरामपुराकडे येतो, उजवा राहुरीकडे जातो. पुढें अकोलें मागें पडलें कीं सपाटी संपते. राजूर ओलांडल्यावर सह्याद्रीच्या रांगा समोर उभ्या राहतात, आणि शेंडीस पोंचतांच भंडारदऱ्याची दगडी भिंत दिसते.

या धरणाचें काम १९१० सालीं सुरू झालें आणि १९२६ सालीं पुरें झालें. त्या वर्षाच्या डिसेंबर महिन्यांत मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. म्हणून त्यास विल्सन बंधारा हें नांव मिळालें. भिंतीची उंची सुमारें २७० फूट आहे आणि तिच्या मागें सुमारें ११ अब्ज घनफूट पाणी मावतें. या जलाशयास आर्थर लेक असें म्हणत आले आहेत. नगर जिल्ह्याच्या दुष्काळी मुलखास पाणी मिळावें हा या धरणाचा हेतु होता, आणि तो पुष्कळ अंशीं सफल झाला. मात्र पाण्याखालीं ज्या जमिनी गेल्या, त्या डोंगरांतल्या माणसांच्या होत्या.

शेंडीहून मंडळी पायीं निघाली. मुतखेल, कोलटेंभें आणि मग रतनवाडी अशी ती वाट. या डोंगरांत महादेव कोळी आणि ठाकर लोकांची वस्ती आहे. पावसाळ्यांत येथें पावसाला खळ नसतो. घाटघरास तर कित्येक वर्षीं दोनशें इंचांच्या घरांत पाऊस पडतो. पण उभ्या कातळावर तो ठरत नाहीं. जमीन उथळ, उतार तीव्र; चार महिन्यांचें पाणी धांवत तळ्यांत उतरतें आणि उन्हाळ्यांत वाड्यांच्या विहिरी तळ गांठतात. मंडळींना हें पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. दुपारपर्यंत चौघांच्याहि बाटल्या रिकाम्या झाल्या आणि थट्टा करणारे गप्प झाले.

वाटेवरच्या एका वाडीबाहेर विहिरीच्या कांठावर एक वृद्ध स्त्री पोहरा सोडून बसली होती. विहिरीच्या तळाशीं वीतभर पाणी. पोहरा अर्धा भरून वर येई, आणि पाझर पुन्हां सांठेपर्यंत ती स्वस्थ बसून राही. तिनें न विचारतां आपला हंडा पुढें केला. "प्या, बाबांनो," ती म्हणाली, "उन्हाचं आलात."

बागाईतदाराच्या मुलानें ओंजळ केली. पाणी पितां पितां त्याची नजर खालीं गेली. तेथें तळें पसरलेलें होतें.

"मावशी," त्यानें विचारलें, "एवढं तळं समोर असतां इथं कशाला बसता?"

"तळं लांब न्हाई," ती हंसून म्हणाली, "पर हंडा डोईवर घेऊन वर चढायचं, ते लांब हाय."

धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण त्या मुलानें पुष्कळदां ऐकली होती; तिचा अर्थ त्या कांठावर त्याला प्रथम दिसला. वरचे लोक पाणी अडवितात असें तो म्हणत आला होता. वरचे लोक हे होते. त्यानें तिच्या हातांतला दोर घेतला. चौघांनीं आळीपाळीनें पाणी शेंदून तिचा हंडा भरून दिला तेव्हां ऊन कलूं लागलें होतें.

रात्रीं मंडळी रतनवाडीस मुक्कामास राहिली. येथील अमृतेश्वराचें कोरीव शिवमंदिर आणि त्याजवळची पायऱ्यांची पुष्करणी प्रसिद्ध आहे. प्रवरेस अमृतवाहिनी म्हणतात आणि तिचा उगम येथेंच रतनगडावर आहे. याच नदीच्या तीरीं, खालीं नेवाशास, १२९० सालीं ज्ञानेश्वरी सांगितली गेली. अंधार पडल्यावर ओढ्याकांठच्या झाडांवर काजवे चमकूं लागले. पावसापूर्वींचे थोडे आठवडेच हा सोहळा चालतो. नर उडत उडत प्रकाशाची खूण करतो आणि मादी तशीच खूण करून त्यास उत्तर देते. मोटारींचे दिवे आणि विजेऱ्या यांच्या झोतांत ही खूण दिसेनाशी होते. या मुलखांत १९८६ सालापासून अभयारण्य आहे, तरी काजवे पाहावयास येणाऱ्यांच्या गाड्यांची या दिवसांत रीघ लागते. शिक्षकानें विजेरी बंद करावयास लाविली. डोळे अंधारास सरावले तसें एक झाड उजळलें, मग दुसरें.

पहांटे चौघे रतनगडावर निघाले. कड्याशीं लावलेल्या लोखंडी शिड्या चढून गडावर जावें लागतें. माथ्यावर खडकास आरपार भोंक पडलेलें नेढें आहे. तेथून एका बाजूस अलंग, मदन आणि कुलंग, पलीकडे ५४०० फूट उंचीचें कळसूबाईचें शिखर, आणि पूर्वेस तळें दिसतें. मे महिन्यांत पाणी उतरलेलें असतें. कांठाभोंवतीं मातीचा तांबूस पट्टा उघडा पडतो. बागाईतदाराचा मुलगा त्या पट्ट्याकडे बराच वेळ पाहत राहिला. तेवढें पाणी खालच्या रानांनीं त्या वर्षीं पिऊन टाकलें होतें, आणि त्यांत त्याच्या बापाचा ऊंस होता.

उतरतांना कोणीं फार बोललें नाहीं. आणलेलीं कागदें आणि रिकाम्या बाटल्या पिशव्यांत भरून मंडळी परत फिरली. वाडीजवळ आल्यावर उरलेले तांदूळ आणि डाळ त्यांनीं त्या वृद्ध स्त्रीस दिली. ती फुकट घ्यावयास तयार होईना; शेवटीं बदल्यांत तिनें ओंजळभर करवंदें दिलीं तेव्हांच तिचें समाधान झालें.

पुढची पाळी आली तेव्हां त्या मुलाच्या शेताची बारी रात्रींची होती. आजवर अशा वेळीं पाणी सोडून तो बांधावर झोंपत असे. वाफे तुडुंब होऊन पाणी रस्त्यावर गेलें तरी त्याची त्यास खंत नसे. त्या रात्रीं तो कंदील घेऊन दारें धरीत उभा राहिला. शेवटचा वाफा भिजतांच त्यानें चारीचें तोंड फिरविलें आणि ज्याच्याशीं भांडण झालें होतें त्या शेजाऱ्याच्या वस्तीवर जाऊन हांक दिली. वेळ शिल्लक होता. पाणी त्याच्या शेतांत तासभर आधींच पोंचलें.