फौजेत ‘माइल्ड’ नावाची रँक नसते



मी मूळचा सातारकडचा. ३१ वर्षं फौजेत काढली, कर्नल म्हणून निवृत्त झालो आणि गेली नऊ वर्षं म्हैसूरला राहतोय. मी डॉक्टर नाही. आज तुमच्यासमोर बोलतोय तो एक पेशंट म्हणून, तोही पेशंट म्हणवून घ्यायला फार उशीर केलेला.

आपल्या घरांमध्ये एक वाक्य नेहमी ऐकू येतं. ‘काकांना माइल्ड अटॅक येऊन गेला.’ जणू पाहुणा आला, चहा घेतला आणि गेला. माझ्या छातीत अधूनमधून आवळल्यासारखं व्हायला लागलं, तेव्हा माझ्याही डोक्यात हेच वाक्य घोळू लागलं. हे माइल्ड अटॅक तर नाहीत ना? गुपचूप एका डायरीत मी ते मोजायला सुरुवात केली. चार महिन्यांत अकरा झाले. घरात कुणाला बोललो नाही.

मग २०२५ चा जून-जुलै आला. आमच्या शेजारच्या हासन जिल्ह्यात सुमारे चाळीस दिवसांत वीसहून जास्त माणसं हृदयविकाराने गेल्याच्या बातम्या झळकल्या. त्यांत तरुणही होते. लोक हादरले. म्हैसूरच्या जयदेव हृदयरोग रुग्णालयासमोर पहाटेपासून रांगा लागल्या. काहीही त्रास नसलेली माणसंसुद्धा ईसीजी काढायला उभी होती. २०२१ मध्ये पुनीत राजकुमार हा लाडका नट अवघ्या ४६ व्या वर्षी गेला, तेव्हाही असंच झालं होतं. कुणी कोविडच्या लशीकडे बोट दाखवलं. सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली. समितीला मृत्यूंमध्ये अचानक वाढ दिसली नाही, लशीशी संबंधही आढळला नाही. दिसली ती जुनीच मंडळी : रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, दारू, लठ्ठपणा.

आता गंमत बघा. ज्यांना काही होत नव्हतं ते रांगेत होते, आणि ज्याला होत होतं तो मी, घरी बसून टीव्हीवर ती रांग बघत होतो!

माझा त्रास दोन प्रकारचा होता. एक रात्रीचा. दोन वाजता जाग यायची, मोबाइलवर हासनची बातमी वाचायचो, मग छाती भरून यायची, धडधड व्हायची, तासभर चालायची. दुसरा सकाळचा. चामुंडी टेकडीच्या पायऱ्या मी आठवड्यातून तीनदा चढतो. हजारावर पायऱ्या आहेत, मध्ये तो मोठा दगडी नंदी. नंदीच्या बऱ्याच अलीकडे छातीवर पट्टा आवळल्यासारखं व्हायचं, डावा जबडा जड पडायचा. थांबलो की चार-पाच मिनिटांत साफ! मी घाबरायचो रात्रीच्या त्रासाला. सकाळच्याला म्हणायचो, ‘वय झालं, ॲसिडिटी असेल.’

थांबायचं तर बरोबरच्यांना कारण हवं. म्हणून मी वाकून बुटाची नाडी बांधायचो. एके दिवशी आमच्या सौ. म्हणाल्या, ‘अहो, तुमची नाडी रोज त्याच पायरीवर कशी सुटते?’

मी गप्प. त्या पुढे म्हणाल्या, ‘तुमच्या हाताखालच्या जवानाने त्रास लपवला असता, तर तुम्ही काय केलं असतं?’

काय केलं असतं? ओरडलो असतो. पुढच्या तासाला एमआय रूमला पाठवलं असतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी माझी डायरी वाचली आणि तीनच प्रश्न विचारले. काय करताना होतं, किती वेळ राहतं, कशाने थांबतं? ईसीजी नॉर्मल आला. मी खूश! डॉक्टर म्हणाले, ‘सर, हा त्या क्षणाचा फोटो आहे. आत्ता तुम्ही झोपलेले आहात, टेकडी चढत नाही आहात.’ मग ट्रेडमिलवर चालवलं. थोड्याच वेळात तोच पट्टा आवळला आणि कागदावरची रेघ बदलली. अँजिओग्राफीत एक धमनी ८० टक्के अरुंद निघाली. स्टेंट बसवला, गोळ्या सुरू झाल्या.

डॉक्टर म्हणाले, ‘तुम्ही मोजलेल्या अकरांत एकही अटॅक नव्हता. स्नायूला इजा झालेली नाही. रात्रीचा त्रास काळजीचा दिसतो. सकाळचा अंजायना, म्हणजे कष्टाच्या वेळी रक्त कमी पडणं.’ लंडनच्या विल्यम हेबर्डन यांनी १७६८ मध्येच याचं वर्णन केलं होतं. चढ चढताना छाती आवळते, थांबलं की जाते. अडीचशे वर्षांपूर्वीचा हा इशारा मी नाडी बांधून टाळत होतो.

मग माइल्ड अटॅक म्हणजे काय? हृदयाच्या स्नायूचा तुकडा मेला की तो अटॅक. किती मेला हे मागाहून कळतं, ट्रोपोनिन या रक्ततपासणीतून आणि इकोवरून. दुखत असताना ‘हा माइल्डच आहे’ हे घरी बसून कुणालाही सांगता येत नाही. गोळीबार सुरू असताना गोळी लहान की मोठी हे कुणी मोजत बसतं का?

म्हणून काही गोष्टी लिहून ठेवा.

कष्टाने येणारं आणि थांबल्यावर जाणारं आवळणं नव्याने सुरू झालं, तर एक-दोन दिवसांत डॉक्टर गाठा. तेच कमी श्रमात, बसल्याबसल्या किंवा वारंवार यायला लागलं, तर त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय.

पंधरा-वीस मिनिटं थांबत नाही, घाम फुटतोय, दम लागतोय, हात किंवा जबडा दुखतोय? १०८ ला फोन करा. स्वतः गाडी चालवू नका, जिने चढू-उतरू नका. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर ३०० मिलिग्रॅमच्या आसपास ॲस्पिरिन चावून घ्या. शेजाऱ्याची सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवू नका, रक्तदाब एकदम कोसळू शकतो.

मधुमेहींना आणि स्त्रियांना छातीत न दुखताही अटॅक येतो. नुसता दम, थकवा, मळमळ, पाठदुखी. ‘आईला पित्त झालंय’ म्हणून त्यांना झोपवू नका.

आणि पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून उठून घरी येऊ नका. ट्रोपोनिन वाढायला काही तास लागतात, डॉक्टर परत तपासतो म्हणाले तर थांबा.

रात्रीचं माझं अजूनही कधीकधी होतं. तेही डॉक्टरांना सांगितलंय, कारण हे काळजीचं की हृदयाचं, हा निकाल आता मी देत नाही. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवतो. सकाळी कुक्करहळ्ळी तलावाला फेरी मारतो, आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यापासून हळूहळू टेकडीही सुरू केलीय. दम लागला तर उभा राहतो. नाडीला हात लावत नाही. बरोबरच्यांना सांगतो, ‘थांबा, मला थांबायचंय.’

हे वाक्य म्हणायला मला ६४ वर्षं लागली. तुम्ही आज रात्रीच्या जेवणाला म्हणून टाका. तुमच्या घरातही कुणीतरी नाडी बांधत असेल, त्याला विचारा.

जय हिंद.