हिब्रू धर्मग्रंथांतला द्राक्षारस

हिब्रू धर्मग्रंथांत द्राक्षारस आनंदाचं प्रतीक आहे, तसंच धोक्याचंही. जलप्रलयातून वाचलेल्या नोहानं नंतर द्राक्षमळा लावला. पण त्याच मळ्याचा द्राक्षारस पिऊन तो तंबूत उघडानागडा पडला. १०४व्या स्तोत्रात मात्र द्राक्षारस मन प्रसन्न करणारी देवाची देणगी ठरतो. जेरुसलेमच्या मंदिरात रोजच्या कोकराच्या होमाबरोबर त्याचं पेयार्पण होई. सेवेला जाणाऱ्या याजकांना मात्र तो वर्ज्य होता. देवाला वाहून घेण्याचं नाजीर व्रत घेणाऱ्याला तर मनुकेही चालत नसत. यिर्मया संदेष्ट्यानं राष्ट्रांपुढे धरला तो देवाच्या क्रोधरूपी द्राक्षारसाचा पेला. आमोस संदेष्ट्यानं सुबत्ता रंगवताना डोंगरांवरून द्राक्षारस पाझरवला. आजही ज्यू घरांत शब्बाथची, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतिदिवसाची, सुरुवात द्राक्षारसावरच्या आशीर्वादानं होते. आपल्या कोकणातले बेने इस्रायल ज्यू त्यासाठी भिजवलेल्या मनुकांचं सरबत वापरत आले आहेत.