माय जगो, मावशीही जगो

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या कुटुंबमेळाव्यांत एका धर्मबांधवानें केलेलें भाषण)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं मजसारख्या सामान्य मनुष्यास आपणांपुढें उभें करण्यांत आलें, याबद्दल मी चालकमंडळींचा ऋणी आहें. मी वक्ता नव्हें. गेलीं वीस वर्षें मी विरारच्या गाडीनें मुंबईस नोकरीसाठीं जातों. माझी पत्नी परिचारिका आहे. रविवारीं आम्ही उभयतां मुलांस धर्मशिक्षण देतों, आणि संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या आपल्या शाखेंत मी कांही वर्षें चिटणीस होतों. आपली नोकरी व सेवाकार्य सांभाळून आम्हीं एक वर्ष परक्या मुलांचा सांभाळ कसा केला, हें मीं सांगावें अशी आज्ञा झाली आहे. अशा विषयांत आत्मस्तुतीचा दोष सहज शिरतो. म्हणून आरंभींच सांगतों कीं, त्या वर्षांत आमच्या हातून जें बरें घडलें, त्यापेक्षां आमच्या मनांत जें वाईट उपजलें, तेंच आज मला विशेषेंकरून सांगावयाचें आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट करतों, कारण तो ध्यानांत न आल्यामुळें पुष्कळांचा गैरसमज होतो. दत्तक घेतलेलें मूल कायद्यानें कायमचें आपलें होतें. ज्यास प्रतिपालकत्व म्हणतात त्यांत मूल आपलें होत नाहीं; तें आपल्या घरीं ठेव म्हणून राहतें. आईबाप आजारामुळें किंवा अन्य संकटामुळें ज्या मुलांचा सांभाळ करूं शकत नाहींत, त्यांस संस्थेंत न ठेवतां एखाद्या कुटुंबांत ठेवतां यावें, अशी तरतूद २०१५ सालच्या बालन्याय कायद्याच्या ४४ व्या कलमांत आहे. जिल्ह्याची बालकल्याण समिति तसा हुकूम देते. समितीनें त्या घराची दरमहा पाहणी करावी, भावंडांची शक्यतों ताटातूट होऊं नये, आणि मुलांच्या हिताच्या आड येत नसेल तर जन्मदात्या आईबापांस त्यांना भेटतां यावें, असेंही त्यांत सांगितलें आहे. मिशन वात्सल्य योजनेंत अशा मुलासाठीं दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. पैशाची अडचण ही या कामांतील सर्वांत लहान अडचण होय, एवढेंच त्याविषयीं म्हणतों.

आमच्याकडे आलेलीं भावंडें दोन होतीं. बहीण नऊ वर्षांची, भाऊ सहा वर्षांचा. त्यांचीं नांवें मी सांगणार नाहीं. अशा मुलांची ओळख प्रकट करण्यास त्याच कायद्याच्या ७४ व्या कलमानें मनाई आहे. आणि तशी मनाई नसती तरी तीं नांवें त्यांच्या आईनें ठेवलेलीं, मीं तीं सभेंत कां उच्चारावींत? बाप वारला होता. आई बांधकामावर मजुरी करून दोघांस पोशीत असे. तिला क्षय झाला, आणि तोही नेहमींच्या औषधांस दाद न देणारा. अशा क्षयाचा लहान मुदतीचा म्हणून जो उपचार तिला मिळाला, तोसुद्धां नऊ ते अकरा महिन्यांचा होता. जवळचें नातलग कोणी नव्हतें. समितीकडून विचारणा झाली तेव्हां माझ्या पत्नीनें मला एवढेंच म्हटलें, "अहो, आपल्या घरांत तीन माणसें आणि पांच खाटांची जागा आहे." आमची एकुलती मुलगी तेव्हां अकरा वर्षांची होती. समाजसेविकेनें तिला एकटीला बसवून तिची संमति विचारली. तिनें होकार दिला, पण आपलें कपाट कोणास देणार नाहीं अशी अट घातली. ती अट आम्हीं मान्य केली.

पहिल्याच आठवड्यांत मुलाच्या उशीला मुंग्या लागल्या. उशी उचलून पाहतों तों खालीं दोन सुकेळीं, चपातीचा तुकडा आणि मूठभर भात! उद्यां मिळेल कीं नाहीं याची त्या लेंकरास खात्री नव्हती. मी रागावणार होतों. पत्नीनें मला डोळ्यांनीं थांबविलें. तिनें बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा धुऊन पुसून त्यांत सुकेळीं आणि शेंगदाणे भरले व तो त्याच्या हातीं देऊन म्हणाली, "हा डबा तुझा. यांतलें संपलें कीं मला सांग. मी हा कधीं रिकामा राहूं देणार नाहीं." पहिले दोन महिने तो दिवसांतून दहा वेळां झांकण उघडून पाही. पुढें तो दोनदां पाहूं लागला. पुढें पुढें विसरूं लागला, आणि त्या विसरण्याचा आम्हांस जो आनंद झाला, तो माझ्या बढतीच्या दिवशींही झाला नव्हता.

मुलांनीं आम्हांस काय म्हणावें हा प्रश्न पहिल्या दिवशींच निघाला. पत्नी म्हणाली, "तुमची आई आहे. मी तुमची मावशी." मी आपोआपच काका झालों. त्यांच्या आईनें सोबत देवीची एक लहानशी तसबीर दिली होती. ती पत्नीनें त्यांच्या कपड्यांच्या फळीवर नीट ठेवली. संध्याकाळीं आम्ही रोझरीची प्रार्थना करीत असूं तेव्हां तीं जवळ बसत. मुलगा मणी मोजण्यास मदत करी आणि नेमका मोजण्यांत चुके. एका भाविक शेजाऱ्यानें मला विचारलें, "यांचा बाप्तिस्मा कां उरकून घेत नाहीं?" मी म्हणालों, "दादा, शेजाऱ्यानें गांवाला जातांना ठेवावयास दिलेल्या भांड्यावर आपण आपलें नांव घालतों काय?"

आतां नोकरी व सेवाकार्याविषयीं. पत्नीनें रात्रपाळी सोडून दिवसपाळी मागून घेतली. त्यामुळें पगार थोडा घटला. दुपारीं दोन ते पांच या वेळांत समोरच्या आळींतील एक वृद्ध भगिनी मुलांजवळ येऊन बसत. त्या नसत्या तर आमचें वर्ष पहिल्या महिन्यांतच संपलें असतें. माझी मात्र निराळीच पंचाईत झाली. बुधवारीं रात्रीं सोसायटीची सभा असे. मी चपला घालूं लागलों कीं मुलगा दाराशीं येऊन उभा राही. तो रडत नसे, बोलत नसे. नुसता उभा राही. त्याचा बाप असाच एका रात्रीं बाहेर गेला होता आणि परत आला नव्हता. तीन बुधवार मीं त्याला ओलांडून गेलों. गरिबांच्या घरीं जाण्यासाठीं मी आपल्या घरच्या गरिबास ओलांडीत होतों! चौथ्या आठवड्यांत मीं चिटणीसपदाचा राजीनामा लिहिला आणि भीत भीत फादरांपुढें ठेवला. त्यांनीं तो वाचून खिशांत घातला व म्हणाले, "चिटणीस दुसरा मिळेल. त्या मुलाला दुसरा काका कोठून आणूं?"

बंधुभगिनींनो, येथवर ऐकून आपणांस आम्ही चांगलीं माणसें वाटत असूं. आतां पुढचें ऐका.

महिन्यांतून एकदां मुलांची त्यांच्या आईशीं भेट होई. संसर्गाचें भय उरलें नाहीं असें डॉक्टरांनीं सांगितल्यावरच या भेटी सुरू झाल्या होत्या. ती बाई फार थोडें बोले. "ताई, पोरं त्रास देत नाहीत ना?" एवढेंच विचारी आणि मुलीच्या केसांकडे पाहत राही. आठव्या महिन्यांत एके दिवशीं झोपेच्या भरांत मुलानें माझ्या पत्नीला "आई" अशी हांक मारली. आळींत ही गोष्ट पसरली. लोक कौतुकानें म्हणूं लागले, "खरेंच आहे, माय मरो पण मावशी जगो!" आम्हांला तें ऐकून गोड वाटलें. त्याच महिन्यांत दवाखान्यांतून निरोप आला कीं, बाईचें वजन पुन्हा घटलें आहे, उपचार कदाचित् लांबेल. तो निरोप मला गाडींत मिळाला. बोरिवलीच्या पुढें गाडी धांवत होती, आणि माझ्या मनाला, देवा क्षमा कर, हलकें वाटलें. मुलें आणखी राहतील, कदाचित् कायमचीं राहतील, असा विचार मनांत आला. आणि त्या विचाराच्या पोटांत दुसरा कोणता विचार दडला होता, तो मी येथें शब्दांनीं सांगत नाहीं. आपणांस तो कळला आहे.

त्या रात्रीं मीं तो पत्नीला सांगितला. ती पुष्कळ वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "माझ्याही मनांत तेंच आलें." ज्या म्हणीनें आम्ही सुखावलों होतों, ती एका आजारी बाईच्या मरणाची इच्छा आहे, हें आम्हां दोघांस त्या रात्रीं प्रथम उमगलें. प्रेमांतूनसुद्धां पाप उपजतें. आणि प्रेमांतून उपजलेलें पाप ओळखावयास फार कठीण, कारण त्याचें तोंड प्रेमासारखेंच असतें. शनिवारीं आम्ही दोघेंही पापनिवेदनास गेलों. त्या दिवसापासून आमच्या रोझरींत त्या आईचें नांव घेऊन तिच्या आरोग्यासाठीं एक दशक वाहिलें जाऊं लागलें. पत्नी दर दोन दिवसांनीं तिच्यासाठीं अंडीं व भाताचा डबा नेऊं लागली आणि गोळ्यांचा हिशेब स्वतः ठेवूं लागली.

त्या दिवसांत मला आपल्या संतचरित्रांतील एका स्त्रीची आठवण वारंवार होई. ती स्वतः संत म्हणून प्रसिद्ध नाहीं. बाल येशूची संत तेरेजा २ जानेवारी १८७३ रोजीं फ्रान्सांत आलाँसों येथें जन्मली. तिची आई सेली मार्तें हिचीं चार मुलें आधींच वारलीं होतीं, हेंही मूल खंगत चाललें, आणि आईला अंगावर पाजवेना. तेव्हां मार्च महिन्यांत तें जवळच्या सेमाले गांवीं रोझ टाये नांवाच्या शेतकरणीच्या हवालीं करण्यांत आलें. रोझला स्वतःचीं मुलें होतीं, नवरा होता, गाय होती, शेतावरचें काम होतें. त्या दरिद्री जोडप्याच्या घरीं तेरेजा वर्षभर राहिली आणि धष्टपुष्ट झाली. एकदां तिला आईच्या घरीं आणलें तेव्हां ती रडून आकांत करूं लागली. शेवटीं रोझ बाजारांत लोणी विकीत होती तेथें तिला नेलें, तेव्हां कोठें ती शांत झाली. त्या क्षणीं रोझच्या मनांत काय आलें असेल? हें मूल माझें, असें तिला वाटलें नसेल काय? तरीही २ एप्रिल १८७४ रोजीं तें लेंकरूं आपल्या आईकडे परत आलें. तेरेजेस १९२५ सालीं आणि तिच्या आईबापांस १८ ऑक्टोबर २०१५ रोजीं संतपद मिळालें. रोझ लोणी विकीत राहिली. पण तिनें तें मूल वांचविलें नसतें, किंवा वांचवून परत दिलें नसतें, तर तें संतचरित्र आपणांस आज ज्या रूपांत माहीत आहे तसें घडलें नसतें.

आमच्याही घरीं तो दिवस उगवला. अकराव्या महिन्याच्या अखेरीस आईच्या सर्व तपासण्या निर्दोष ठरल्या. तिला एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरांत काम मिळालें. खोलीची अनामत रक्कम सोसायटीच्या आपल्या शाखेनें भरली. समितीचा हुकूम झाला. सकाळीं ती मुलांना न्यावयास आली, तेव्हां मुलगा आपला डबा छातीशीं धरून उंबऱ्यावर थांबला आणि त्यानें विचारलें, "मावशी, आतां हा कोण भरणार?" माझ्या पत्नीच्या तोंडून शब्द फुटेना. तिनें तो डबा हळूच त्याच्या हातांतून घेऊन त्याच्या आईच्या हातीं दिला. आईनें झांकण उघडून आंत पाहिलें व म्हणाली, "मी भरीन, बाळा."

त्या रात्रीं माझ्या मुलीनें संवयीनें पांच ताटें मांडलीं. आम्हां तिघांपैकीं कोणालाच दोन ताटें उचलवेनात. मग तिनेंच तीं उचललीं आणि म्हणाली, "बाबा, माझ्या कपाटाचा खालचा खण मीं त्यांना दिला होता. तो तसाच राहूं दे." नाताळांत तीं दोघें आईसह आमच्याकडे फराळाला आलीं. मुलगा उंच झाला आहे. डब्याविषयीं त्यानें एक शब्दही काढला नाहीं, आणि मींही विचारलें नाहीं.

पवित्र कुटुंबाचा पालकपिता संत योसेफ यानेंही ज्याला हातानें वाढविलें तो आपला नव्हे, हें जाणूनच वाढविलें. बारा वर्षांचा येशू मंदिरांत सांपडला आणि आपल्या पित्याविषयीं बोलला, तेव्हां योसेफानें कांही उत्तर दिल्याचें शुभवर्तमानांत नाहीं. तो त्याला घेऊन मुकाट्यानें नासरेथला परतला आणि पुन्हा आपल्या कामाला लागला.

महोत्सवाच्या वर्षीं आपण आपल्या वडीलधाऱ्यांनीं काय उभारलें याचें स्मरण करीत आहों. माझी विनंति पुढच्या वर्षांविषयीं आहे. ज्या कुटुंबास हें कार्य शक्य वाटेल, त्यानें जिल्हा बालसंरक्षण कक्षांत जाऊन चौकशी करावी. २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणें ३५ ते ६० वर्षें वयाच्या एकट्या स्त्रीपुरुषांसही हें द्वार उघडें आहे. ज्याला मूल कायमचें हवें असेल त्यानें उघडपणें दत्तकाचा मार्ग धरावा. ठेवीवर डोळा ठेवून या दारानें येऊं नये. ज्यांस मूल घरीं आणणें शक्य नाहीं, त्यांनीं आमच्या आळींतील त्या वृद्ध भगिनीप्रमाणें दुपारचे तीन तास द्यावे. आणि सर्वांनीं आपल्या सायंप्रार्थनेंत अशा मुलांसाठीं प्रार्थना करतांना त्यांच्या आयांना विसरूं नये. म्हण आपण आतां बदलूं या. माय जगो, आणि तिचें लेंकरूं तिच्या पदरांत परत घालण्यासाठीं मावशीही जगो.

देव आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.